तिसऱ्या पाळीची घंटी

१

चंद्रपुरात साउंड चेक ब्लास्टिंग झाल्यावरच करायचा, हा आमच्या बँडचा पहिला नियम. दुपारी खुल्या खाणीत सुरुंग उडतात, त्या अंगाच्या घरांतली भांडी मांडणीवर वाजतात, भिंतीवरचे फोटो तिरके होतात आणि कोणी जेवणावरून मानसुद्धा वर करत नाही. बाहेरगावचे बँड आले की त्यांचे ड्रमर दचकून उठायचे. आम्ही हसायचो. आमच्यातले दोघं इथलेच, पाळण्यात असल्यापासून हे ऐकत आलेले.

बँडचं नाव ‘तिसरी पाळी’. खाणीतली तिसरी पाळी म्हणजे रात्रीची. बँडमध्ये एक बाई आहे म्हणून हे नाव ठेवलं का, असं पुण्याच्या एका आयोजकानं चाचरत विचारलं होतं. मी म्हटलं, साहेब, आमच्या कॉलनीत घरोघरी तीन पाळ्या असतात, बाप्यांनाच. त्यानं विषय बदलला.

आम्ही तिघं. सुरज गातो आणि गिटार वाजवतो. तो आलापल्लीचा, सागवानाच्या जंगलाकडचा. मी साधना, बेस गिटार वाजवते आणि पोटासाठी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. ड्रमवर प्रफुल, माझा नवरा.

नागपूरची करिष्मा एका संगीताच्या वेबसाइटसाठी लिहिते. आमच्या चंद्रपुरातल्या कार्यक्रमांचा इतिहास तिला हवा आहे. कुठे वाजवलं, काय वाजवलं, लोक कसे होते. फोनवर ती सारखी ‘प्रफुल होते’ म्हणाली आणि मी दर वेळी तिला दुरुस्त केलं. प्रफुल आहे. तो मला परत हवा आहे, आणि हा इतिहास मी तेवढ्यासाठीच सांगते आहे.

२

चंद्रपुरातला पहिला कार्यक्रम बाबूपेठेकडच्या आमच्या कॉलनीत, दुर्गा उत्सवात. मंडळाला ऑर्केस्ट्रा हवा होता, पण तो ऐन वेळी कुठे तरी अडकला म्हणून आम्हाला उभं केलं. समोर सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर रिटायर झालेले खाणकामगार, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की हे पोट्टे आता काय दिवे लावतात.

आमचं शेवटचं गाणं ‘घंटी’. ते प्रफुलनं बांधलं होतं, त्याच्या वडिलांवरून. माझे सासरे मुखरूजी जमिनीखालच्या जुन्या खाणीत हॉलेज चालवायचे. म्हणजे उतारावरच्या रुळांवरून कोळशाचे टब पोलादी दोरानं वर ओढणारं यंत्र. ते स्वतः वर बसत. खाली काय चाललंय ते त्यांना दिसायचं नाही. खालून घंटी यायची तेवढी खरी. एक म्हणजे थांबव. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे वर ओढ. टबात माणसांनी बसायला मनाई होती, पण पाळी सुटली की सगळे बसायचे आणि तीन द्यायचे.

प्रफुलनं भंगारातून रुळाचा एक तुकडा आणून ड्रमच्या बाजूला टांगला होता. गाणं त्या तुकड्यावरच्या तीन ठोक्यांनी सुरू व्हायचं. तीन, मग दम, मग पुन्हा तीन. त्याचा तिसरा ठोका नेहमी किंचित उशिरा पडायचा. मी बेस धरायला बसले की त्या उशिरापायी माझा जीव जायचा. खूप भांडले त्यावरून, शेवटी तोच आमचा ठेका झाला.

त्या संध्याकाळी पहिल्या तीन ठोक्यांवर मागच्या खुर्च्यांतून टाळ्या आल्या. तीन. सगळ्या रिटायर हातांच्या, एका मापात. मग बायकांच्या, मग पोरांच्या. सगळं मैदान तीन-तीन देत होतं. नागपुरात हेच गाणं वाजवलं तेव्हा लोकांनी मोबाईलचे दिवे हलवले होते. हे इथेच होऊ शकत होतं आणि माझे डोळे भरून आले.

गाणं आम्ही मध्येच तोडायचो. शेवटचा ठोका द्यायचाच नाही, लोकांना लटकत ठेवायचं, ही आमची हुशारी. तसं तोडलं. मैदान गप्प झालं. आणि त्या गप्पपणात प्रफुलचा स्नेअर वाजला. स्नेअर म्हणजे तळाशी तारांची जाळी असलेला उथळ ड्रम. त्याला कोणी हात लावला नव्हता. तळच्या तारा झिरझिरल्या, थांबल्या, झिरझिरल्या, थांबल्या, झिरझिरल्या.

बेसमुळे तारा थरथरतात, हे मी दर वर्षी पोरांना शिकवते. तेव्हाही मनात तेच म्हटलं. खाली पाहिलं तर माझ्या बेसची वायर निघून पडली होती.

घरी आल्यावर सासरे ओसरीत बसून होते. त्यांनी कार्यक्रम तिथल्या खुर्चीवरूनच ऐकला होता.

“चांगलं वाजवलं,” ते म्हणाले. “पण बाई, मले एक सांग. तीनवर दोर चालू होते. मंग एक कोणी द्याची?”

“गाणं तिथंच संपतं, बाबाजी.”

“गाणं संपते. दोर कशानं थांबन?”

प्रफुल हसला. मीही हसले. म्हाताऱ्या माणसाचं कौतुक म्हणून.

३

दुसऱ्या वेळी शहरातल्या एका सभागृहात वाजवलं. पक्की इमारत, खाली फरशी, वर एसी. या वेळी टाळ्या वाजवणारी कॉलेजची पोरं होती, पण ती आमच्याच कॉलनीतली, घुग्घुसची, खाणवाल्यांचीच औलाद. त्यांना तीन शिकवावं लागलं नाही.

गाणं तोडल्यावर आवाज आला. स्नेअरचा नाही, खालून. लांबून, उतारावर काहीतरी जड ओढलं जावं तसा. मध्येच एक खट, मग पुन्हा घरघर. दोर रुळांमधल्या रोलरवरून घासत येतो तेव्हाचा आवाज मी लहानपणी ऐकलेला आहे, माझा बापही खाणीतच होता. तो ओळखायला मला एक क्षण लागला नाही आणि तो नाकारायलाही एक क्षण लागला नाही. एसीचा कॉम्प्रेसर. जनरेटर. बाहेरचे ट्रक. कारणांना काय तोटा?

वासाला मात्र कारण सापडेना. ओलं लाकूड आणि ओला कोळसा, बंद जागेतला. विंगेत उभी असलेली एक बाई ओढणी नाकाला लावून म्हणाली, “कोणाचे बाबा ड्युटीवरून आले वाटते.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

मी शहाणी बाई. मी तपासायचं ठरवलं. सुरजच्या गावी, आलापल्लीला, त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात आम्ही तेच गाणं त्याच वाद्यांवर वाजवलं. काही नाही. तारा गप्प, जमीन गप्प, फक्त सागाची पानं. नागपूरला पुन्हा वाजवलं. काही नाही. चंद्रपुराखाली जुन्या बोगद्यांचं जाळं आहे, वाळू आणि पाणी भरून बंद केलेलं. पोकळी असली की आवाज घुमतो. मी कागदावर आकृती काढून प्रफुलला समजावलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“घुमणारा आवाज दर वेळी जवळ येते का वं?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, तुझा भ्रम आहे. पण मलाही तो जवळ आलेलाच वाटला होता.

४

तिसऱ्या कार्यक्रमानंतर, म्हणजे शहराच्या मोठ्या मैदानावरच्या प्रदर्शनात वाजवल्यानंतर, प्रफुलचा हात थांबेना.

जेवताना ताटाच्या काठावर, गाडीच्या टाकीवर, माझ्या पाठीवर. तीन, दम, तीन. मी हात धरला की थांबायचा आणि सोडला की सुरू. स्टिक्स लपवल्या तर चमचा. चमचा काढून घेतला तर नख. नखांत काळं साचायला लागलं. मी ब्रशनं घासून काढायची, दुपारपर्यंत पुन्हा काळं. घरातल्या कोणाच्या हाताला धूळ नाही, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाच्या नखांत कोळसा.

“काऊन करून राह्यला असं?” मी एकदा रडतच विचारलं.

“ते अर्ध्यावर आहेत, साधना,” तो म्हणाला. “आपण ओढून घेतलं त्याईले. आता अर्ध्यावर टाकून कसं देऊ?”

“कोण अर्ध्यावर आहेत?”

हे मी विचारायलाच नको होतं, असं त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज त्याचाच, डोळे त्याचेच. पाळी सुटली की खालच्या माणसांना वर घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगायचा. खाण बंद झाली तेव्हा तो शाळेत होता. खाली तो एकदाही उतरला नव्हता.

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी त्याला सुट्टी काढून आलापल्लीला सुरजच्या आईकडे, सोमारीबाईंकडे नेलं. तिथे हात थांबला. खरंच थांबला. तो अंगणात बसून मोहाची फुलं निवडू लागला, सोमारीबाईंशी गोंडीतले दोन-चार शब्द बोलू लागला. मला वाटलं सुटलो, इथेच राहू, नोकरी गेली खड्ड्यात. सोमारीबाई मात्र त्याला एकटं सोडत नव्हत्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “पोरगा हसते, बोलते, पण कान इथी नाई त्याचा.”

एका दुपारी मी पाण्याला गेले आणि तो एसटीत बसून चंद्रपूरला निघून आला. मी मागोमाग पोचले तेव्हा तो घरात मोरीजवळच्या फरशीला कान लावून पडला होता.

मी सासऱ्यांपुढे हात जोडले. मी, फिजिक्सची बाई.

“बाबाजी, आपणच एक देऊ. थांबवू ते.”

“मी देऊन पाह्यली,” ते म्हणाले. तेव्हा मला कळलं, की ते रोज सकाळी फिरायला म्हणून जात आणि खाणीच्या बंद केलेल्या तोंडाच्या भिंतीवर काठीनं एक ठोका देऊन येत. “एका काठीचं ऐकू जात नाई बाई. तीन देली ते सगळ्या मैदानानं देली. एकही मैदानानंच द्या लागते.”

५

म्हणून चौथा कार्यक्रम. करिष्माला वाटतं तो आमचा पुनरागमनाचा वगैरे होता. तो फक्त एका टाळीसाठी होता.

जागा बंद खाणीच्या कॉलनीतल्या क्लबचं मैदान. वेळ मुद्दाम दुपारची घेतली, ब्लास्टिंगनंतरची, चांगलं लख्ख ऊन. उजेडात काही होत नाही, असं मला वाटत होतं. स्टेज लाकडी फळ्यांचं, फळ्यांत बोटभर फटी. सुरजला मी सगळं सांगितलं होतं. तो हसला नाही. “वहिनी, मी लोकाईले बरोबर सांगतो,” म्हणाला. प्रफुलनंही हो म्हटलं, इतक्या पटकन की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“तीन देऊ, मग सगळे मिळून एक. मग संपलं. बरोबर ना?” मी विचारलं.

“हो. वर आल्यावर थांबवू,” तो म्हणाला.

मैदान भरलं होतं. सुरजनं लोकांना समजावलं, वहिनींनी हात वर केला की सगळ्यांनी एकच टाळी, जोरात. लोकांना मजा वाटली. प्रफुलनं रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके दिले. मैदानानं तीन दिले. गाणं सुरू झालंच नाही. तो तीन देतच राहिला. मी बेस थांबवला, सुरजनं गिटार थांबवली, तो थांबेना, आणि लोकही थांबेनात, त्यांना वाटलं हाच खेळ आहे. हजारो हात. खालची घरघर या वेळी दुरून आलीच नाही. ती स्टेजच्या खालीच होती.

“प्रफुल, बस,” मी ओरडले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला, लग्नात हसला होता तसा.

मी खाली वाकले. का वाकले ते माहीत नाही. फटींतून स्टेजखालचं गवत दिसायला हवं होतं. गवत नव्हतं. तिथे एका टबाची गंजलेली कड होती, आणि आत माणसं बसलेली, दाटीवाटीनं, गुडघे छातीशी घेऊन. खाणीतून वर येताना छप्पर लागू नये म्हणून माणसं मान खाली घालतात. सगळ्यांच्या माना खाली होत्या. उन्हाच्या पट्ट्या त्यांच्या मानांवर पडल्या होत्या आणि त्या माना ओल्या होत्या. मधोमध एका माणसापुरती जागा रिकामी ठेवलेली होती.

मग एक मान वर व्हायला लागली.

मी ती पाहिली नाही. देवाशपथ पाहिली नाही. मी उठून दोन्ही हात वर केले, सुरज माईकवर किंचाळला, “एक!” आणि अख्ख्या मैदानानं एक टाळी दिली.

सगळं थांबलं. घरघर, वास, सगळं. मी आनंदानं मागे वळले आणि ड्रमच्या मागचं स्टूल रिकामं होतं. टांगलेला रुळाचा तुकडा अजून हलत होता.

६

पोलीस आले. लोकांनी सांगितलं, ड्रमर गर्दीतून निघून गेला असेल. स्टेज उचललं, खाली गवत होतं, चेपलेलं आणि ओलं. कोणत्याशा खात्याचा माणूस यंत्र घेऊन आला. त्यानं सांगितलं, इथे खाली पोकळी नाहीच, घट्ट माती आणि दगड आहे. त्याचं यंत्र चांगलं होतं, मी ते स्वतः पाहिलं. नवरा पळून गेला म्हणून माझ्या कॉलेजातल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

मी सासऱ्यांना विचारलं, आता काय. इतकी वर्षं लिव्हर धरलेला त्यांचा उजवा हात मांडीवर मिटत-उघडत होता.

“एक म्हणजे थांबव,” ते म्हणाले. “थांबव म्हणजे गेलं असं नाई. जिथी हाय तिथी उभं हाय.”

तेव्हापासून आमच्या घरात कोणी काही दोनदा वाजवत नाही. दोन म्हणजे खाली सोड. दारावर बेल नको म्हणून काढून टाकली. दूधवाल्याला हाक मारायला सांगितलं. मी पोळी लाटताना लाटणं पोळपाटावर आपटू देत नाही. लोक म्हणतात, सून वेडी झाली, सासराही वेडा झाला. म्हणू देत.

दुपारी ब्लास्टिंग होतं, भांडी वाजतात, थांबतात. त्यानंतर शहर थोडा वेळ फार शांत असतं. त्या शांततेत मी मोरीजवळच्या फरशीला कान लावते, जिथे तो लावायचा. खालून ठोके येतात. तीन. दम. पुन्हा तीन. आणि तिसरा ठोका किंचित उशिरा पडतो.

त्या उशिरावरून मी त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडले आहे. तो ठोका मी मेल्यावरही ओळखीन. माझा नवरा खाली बसला आहे, मान खाली घालून, आणि मला वर ओढ म्हणून सांगतो आहे. मला तो हवा आहे. मी दिवसभर पोरांना गतीचे नियम शिकवते आणि तो अंधारात बसून आहे, हे मला सहन होत नाही.

सासऱ्यांनाही मी ऐकवलं. त्यांनी कान लावला, डोळे मिटले आणि खूप वेळानं डोकं उचललं.

“हा प्रफुल हाय,” ते म्हणाले. “पण बाई, अजून आयक. त्याच्या मांगून जे वाजवून राह्यले, त्याईचा ठोका उशिरा नाई.”

मला माहीत आहे. मी ते पहिल्याच दिवशी ऐकलं. त्याच्या तिसऱ्या ठोक्याआधी बाकीच्यांचा तिसरा पडून गेलेला असतो, एका मापात, कितीतरी हातांचा. आणि आता ते त्याच्यासाठी थांबत नाहीत.

तर करिष्मा, तुझ्या वेबसाइटवर हे घाल. ‘तिसरी पाळी’ पुन्हा वाजवणार आहे, त्याच क्लबच्या मैदानावर, दुपारी ब्लास्टिंगनंतर. सुरज येतो म्हणाला, रडत म्हणाला, पण येतो. बाबाजी स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून बसतील. एकच गाणं आहे. सगळ्यांनी तीन टाळ्या द्यायच्या आणि देत राहायच्या, हात दुखले तरी, वास आला तरी, खाली काही दिसलं तरी. मी सांगेपर्यंत एक कोणीही द्यायची नाही. मैदान भरलं पाहिजे, नाहीतर ऐकू जात नाही.

लहान मुलांना आणू नका, असं बाबाजी म्हणतात. तेवढं मात्र ऐका.